लांब इंग्रजी शब्दाची फोड शेपटाकडून करा

जीएनएम या नर्सिंगच्या डिप्लोमाच्या पहिल्या वर्षाच्या मुली वर्गात येऊन बसल्या की पहिल्याच तासाला मी फळ्यावर एक शब्द लिहायचे: कोलेसिस्टेक्टमी. इंग्रजी लिपीत, सलग, पंधराच्या पंधरा अक्षरं. मग खडू खाली ठेवायचे आणि म्हणायचे, "वाचा."

वर्ग गप्प. पुढच्या बाकावरची एखादी धीट मुलगी "चो... चोले..." इथवर यायची आणि थांबायची. या मुली जत, आटपाडी, कवठेमहांकाळ, शिराळा अशा तालुक्यांतून आलेल्या, बहुतेक मराठी माध्यमाच्या, बारावीला चांगले मार्क मिळवलेल्या. हुशारी कमी नव्हतीच. पण इंग्रजी शब्द पाठ करायची एकच रीत त्यांना ठाऊक होती, ती म्हणजे स्पेलिंग घोकायचं. सी, एच, ओ, एल, ई... अशी सुटी पंधरा अक्षरं. त्यांना ना आवाज, ना अर्थ. असं घोकलेलं परीक्षेच्या दुसऱ्या दिवशी उडून जातं. आणि वॉर्डात राउंडला डॉक्टरांच्या तोंडून तोच शब्द आला तर ओळखूही येत नाही, कारण कानाने तो कधी ऐकलेलाच नसतो.

सांगली जिल्ह्यात आधी सहा वर्षं वॉर्डात आणि मग सव्वीस वर्षं वर्गात काढली. एवढ्या वर्षांत माझं एक मत पक्कं झालं: लांब इंग्रजी शब्द शेवटाकडून उघडायचा. आधी शेपूट. शब्द कशाबद्दल बोलतोय हे शेपटात असतं, आणि तोंडाने म्हणताना जोर कुठे पडणार हेही बहुतेक वेळा शेपूटच ठरवतं. एका गोष्टीत दोन कामं होतात. मी दवाखान्यातले शब्द घेऊन सांगते, कारण माझं आयुष्य त्यांच्यात गेलं. बँकेत, कोर्टात, कॉलेजात तुम्हाला अडणाऱ्या शब्दांनाही हीच रीत चालते.

एक खूण आधी सांगून ठेवते. शब्दाचे तुकडे मी आडव्या रेघेने दाखवीन, आणि ज्या तुकड्यावर जोर आहे त्याच्या आधी वर एक उभी टिचकी देईन. म्हणजे ˈहॉस-पि-टल. पहिल्यावर जोर.

शेपूट आधी

फळ्यावरच्या त्या शब्दाकडे परत येऊ. शेवटून बघा: एक्टमी. ग्रीकमध्ये 'टोम' म्हणजे कापणं आणि 'एक' म्हणजे बाहेर. कापून बाहेर काढणं. शब्दाच्या शेवटी एक्टमी दिसलं की समजायचं, ऑपरेशन आहे आणि काहीतरी काढून टाकलंय. काय काढलं ते उरलेला शब्द सांगेल. अपेंडेक्टमी, टॉन्सिलेक्टमी, हिस्टरेक्टमी. शेवटच्याला गावाकडे आपण "पिशवी काढली" म्हणतो, तेच.

हाच 'टोम' ॲनाटमीत आहे, शरीर कापून शिकायचं शास्त्र. आणि ॲटममध्येही आहे: 'अ' म्हणजे नाही, 'टोम' म्हणजे कापणं. कापता न येणारा.

आता कोलेसिस्टेक्टमीत उरलं काय? 'कोले' म्हणजे पित्त, 'सिस्ट' म्हणजे पिशवी. पित्ताची पिशवी. मी मुलींना विचारायचे, "पित्ताच्या पिशवीला मराठीत काय म्हणतात?" कुणीतरी हळूच म्हणायचं, "पित्ताशय." पित्त अधिक आशय. जसाच्या तसा तोच जोड! ग्रीक शब्दाने जे दोन तुकडे जोडले तेच आपल्याही शब्दाने जोडलेत. हे फळ्यावर एकाखाली एक लिहिलं की वर्गात बदल व्हायचा. आत्तापर्यंत भिंतीसारखा वाटणारा शब्द आता आपल्याच वळणाचा निघाला. मूत्राशय, गर्भाशय, पित्ताशय म्हणणाऱ्या माणसाला कोलेसिस्टला घाबरायचं काही कारण नाही.

एक्टमीच्या शेजारी तिच्यासारखीच दिसणारी दोन शेपटं आहेत आणि त्यांत गोंधळ फार होतो. ऑटमी म्हणजे नुसता छेद. ऑस्टमी म्हणजे छेद घेऊन तिथे तोंड उघडं ठेवणं. 'स्टोमा' म्हणजे तोंड. ट्रेकिऑटमीत श्वासनलिकेला छेद देतात, ट्रेकिऑस्टमीत तिथे श्वासासाठी वाट ठेवतात. कोलॉस्टमीची पिशवी लावलेला पेशंट ज्याने सांभाळलाय त्याला स्टोमा काय ते वेगळं सांगावं लागत नाही. मधला एक स उडाला की अर्थ बदलतो, म्हणून ही तीन शेपटं मी एकत्रच शिकवायचे.

बाकीची शेपटं पटकन सांगते. आयटिस म्हणजे दाह, सूज. ईमिया म्हणजे रक्तातली गोष्ट. ऑलॉजी शास्त्र. स्कोपी म्हणजे नळी घालून आत पाहणं. ग्राम म्हणजे काढलेली नोंद, कागदावरची. ग्राफी म्हणजे ती नोंद घेण्याची क्रिया. प्लास्टी म्हणजे दुरुस्ती. आल्जिया म्हणजे दुखणं. ओमा बहुधा गाठ. एवढी दहा-बारा शेपटं वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवा. पुढची तीन वर्षं ती पुरतात.

पुढचा तुकडा आपल्या ओळखीचा

शेपूट सुटलं की शब्दाच्या तोंडाकडे जायचं. तिथे उपसर्ग बसलेला असतो. आणि उपसर्ग आपण शाळेतच शिकलेलो असतो: अति, उप, परि, दुर्, अन्. ग्रीक आणि संस्कृत एकाच मोठ्या भाषाकुळातल्या आहेत, त्यामुळे यातले काही उपसर्ग दोन्हीकडे सख्ख्या भावंडांसारखे सापडतात. पेरि म्हणजे आपला परि. परिसर म्हणजे भोवतालचा भाग, तसं पेरिकार्डियम म्हणजे हृदयाभोवतीचं आवरण. डिस म्हणजे आपला दुस् किंवा दुर्. दुर्गंधीतला, दुष्काळातला. डिस्प्निया म्हणजे श्वास घ्यायला त्रास. ॲन म्हणजे आपला अन्, अनपेक्षितमधला. ॲनिमिया म्हणजे रक्त नसणं, कमी असणं. हायपर म्हणजे संस्कृत उपरि, वर. हायपो म्हणजे उप. "सरपंच वर, उपसरपंच त्याच्या खाली," असं मी सांगायचे आणि ते कुणी विसरायचं नाही.

या हायपर-हायपोवर मी थोडी जास्त थांबते. वॉर्डातलं माझं दुसरं वर्ष होतं. रात्रपाळीला लॅबमधून फोन आला आणि एका किडनीच्या पेशंटचा रिपोर्ट तोंडी सांगितला गेला. मी कागदावर लिहिलं: हायपोकलेमिया. म्हणजे रक्तात पोटॅशियम कमी. 'कल' हे केलियमवरून आलंय, पोटॅशियमचं लॅटिन नाव. म्हणून तर त्याची खूण के. आमच्या सीनिअर सिस्टरनी कागद बघितला आणि एवढंच विचारलं, "अगं, आकडा विचारलास का?" मी विचारला नव्हता. परत फोन लावला. आकडा होता ६.१. साधारण ३.५ ते ५ असायला पाहिजे तिथे ६.१. म्हणजे तो शब्द हायपरकलेमिया होता. पोटॅशियम आधीच वाढलेलं असताना मी लिहिलेल्या कागदावर विसंबून कुणी वरून पोटॅशियम दिलं असतं, तर हृदयाचे ठोके बिघडले असते, थांबलेही असते.

त्या रात्री मला झोप लागली नाही, आणि ती गोष्ट मी प्रत्येक बॅचला सांगितली. चूक का झाली हे मला पुष्कळ नंतर कळलं. त्या शब्दात जोर 'ली' या तुकड्यावर पडतो: हाय-पर-क-ˈली-मि-अ. जोर पुढे गेल्यामुळे 'पर' किंवा 'पो' हा तुकडा चेपला जातो, त्यात इंग्रजी वळणाने बोलणारा माणूस 'पर'मधला र गिळतो. फोनवर दोन्ही शब्द जवळजवळ सारखेच ऐकू येतात. एवढ्या महत्त्वाच्या फरकाचा तुकडा नेमका बिनजोराच्या जागी बसलेला! म्हणून माझा नियम: असा शब्द तोंडी सांगताना त्याच्या जोडीला साध्या मराठीत "पोटॅशियम वाढलंय" असं म्हणा, आकडा सांगा, आणि ऐकणाऱ्याने ते परत म्हणून दाखवलं पाहिजे. सोडियम, साखर, कॅल्शियम, सगळ्यांना हेच लागू.

उपसर्गांतले आणखी दोन सापळे. डिस दोन आहेत. एक ग्रीक, त्यात वाय. अर्थ बिघाड, त्रास. दुसरा लॅटिन, त्यात आय. अर्थ वेगळं करणं, जसं डिसकनेक्ट, डिसचार्ज. आणि अँटी दोन आहेत. अँटिसेप्टिकमधला अँटी म्हणजे विरुद्ध. अँटिनेटलमधला म्हणजे आधी. त्याचं स्पेलिंग ई घेऊन येतं. एएनसी कार्डातला ए हाच. गरोदर बाईच्या कार्डावर 'जन्माविरुद्ध' असं काही लिहिलेलं नसतं हे एकदा कळलं की स्पेलिंगही चुकत नाही.

मधला गाभा आणि जोडणारा ओ

शेपूट आणि उपसर्ग काढले की मध्ये अवयवाचं नाव उरतं. कार्डि हृदय, गॅस्ट्र जठर, एंटर आतडं, हेपॅट यकृत, नेफ्र मूत्रपिंड, न्यूर मज्जातंतू, डर्मॅट त्वचा. ऑस्टि म्हणजे हाड, आणि तो आपल्या अस्थीचाच भाऊ. लॅटिनमधून आलेला डेंट म्हणजे दंत. नेझल म्हणजे नासिकेचं. मात्र कानाला सारखं वाटलं म्हणून नातं जोडू नका. पायाशी संबंध असलेला पेडल शब्द पदाचा नातेवाईक आहे, पण पीडियाट्रिकमधला पीडि म्हणजे मूल. बालरोगतज्ज्ञाचा पायाशी काही संबंध नाही.

दोन गाभे जोडताना मध्ये ओ येतो. गॅस्ट्र-ओ-एंटर-आयटिस: जठर आणि आतडं, दोन्हींचा दाह. शेपूट स्वराने सुरू होत असेल तर त्याच्या आधीचा ओ गळतो, म्हणून गॅस्ट्रायटिस; व्यंजनाने सुरू होत असेल तर राहतो, म्हणून गॅस्ट्रोस्कोपी. मात्र दोन गाभ्यांच्या मधला ओ पुढे स्वर असला तरी हलत नाही. गॅस्ट्रोएंटरायटिसमध्ये ओ आणि ए शेजारी शेजारी बसलेत ते म्हणून. ज्यांनी संधीची फोड करून मार्क मिळवलेत त्यांना हा नियम दोन मिनिटांत कळतो. आपल्याकडे दोन स्वर भेटले की तिसराच होतो, इथे एक गळतो किंवा दोघे तसेच राहतात.

आता तोंडाने फोड

इथवर अर्थाची फोड झाली. उच्चाराची फोड वेगळी असते, आणि दोन्ही एकाच जागी तुटतील असं धरून चालू नका. नेहमीचा शब्द घ्या: हेलिकॉप्टर. तोंडाने हे-लि-कॉप-टर. पण अर्थाने तो 'हेलिको' आणि 'प्टर' असा आहे. मळसूत्रासारखा वळणारा, आणि पंख. प अर्थाने पुढच्याचा, आवाजाने मागच्याचा. तसंच मूत्रपिंड काढण्याचं: अर्थाने नेफ्र अधिक एक्टमी, तोंडाने ने-ˈफ्रेक-ट-मी. मुली अर्थाची फोड तोंडात घालायला जातात आणि "नेफ्र... एक्टमी" असं अडखळतात. आधी अर्थाने फोडा, मग तो विसरून तोंडाने फोडा.

तोंडाची फोड कशी करायची? हनुवटीखाली तळहात धरा आणि शब्द सावकाश म्हणा. जबडा जितक्या वेळा हाताला लागेल तितके तुकडे. प्रत्येक तुकड्यात एक स्वर ऐकू आला पाहिजे. ऐकू येणारा, लिहिलेला नव्हे. कोलेसिस्टेक्टमी: को-लि-सि-ˈस्टेक-ट-मी. सहा वेळा.

देवनागरीत लिहून वाचणाऱ्यांची इथे एक अडचण होते. हॉस्पिटल लिहिताना आपण हॉ, स्पि, ट, ल अशी चार अक्षरं काढतो. बोलताना तीनच तुकडे होतात. हे मराठीतही आहे. करवत लिहिताना चार अक्षरं, म्हणताना कर-वत. आणि जोडाक्षरातलं पहिलं अर्धं बहुतेक वेळा मागच्या तुकड्याला टेकतं. लघु-गुरू आठवतात का? जोडाक्षराच्या आधीचं ऱ्हस्व अक्षर गुरू धरायचं, असं शाळेत शिकवलं होतं. का धरायचं? कारण जोडाक्षराचा अर्धा भाग मागे येऊन त्या अक्षराला जड करतो. सत्य म्हणून बघा: सत्-त्य. वृत्ताचे गण पाडायला शिकलेला माणूस इंग्रजी तुकडे पाडायला अर्धा तयार असतो. यमाताराजभानसलगं पाठ केलेलं वाया जात नाही.

पीच्या मुकेपणाचं कोडंही यानेच सुटतं. न्यूमोनियाचं स्पेलिंग पीने सुरू होतं आणि पी ऐकू येत नाही. मुली म्हणायच्या, "मॅडम, मग डिस्प्नियात का ऐकू येतो?" इंग्रजी जीभ 'प्न' असा शब्द सुरू करत नाही, म्हणून न्यूमोनियात पी गप्प. पण डिस्प-ˈनी-अ म्हणताना पला मागच्या तुकड्यात जागा मिळते, म्हणून तो बोलतो. सायकॉलॉजीत पी गप्प, बायॉप्सीत बोलका: ˈबाय-ऑप-सी. स्पेलिंग लक्षात ठेवायला याचा फार उपयोग होतो. न्यूमोनिया लिहिताना ॲप्निया आठवा, पी आपोआप येईल.

जोर कुठे

हा भाग मराठी माणसाला सगळ्यात परका. आपल्याकडे शब्दातला जोर इकडचा तिकडे झाला तरी शब्द बदलत नाही, ऐकणारा समजून घेतो. इंग्रजीत बदलतो. पेशंटचं ˈरे-कॉर्ड ठेवायचं, पण ताप रि-ˈकॉर्ड करायचा. नाम आणि क्रियापद, फरक जोराचाच.

जोर म्हणजे मोठ्याने ओरडणं नव्हे. जोराचा तुकडा लांबतो, त्याचा स्वर पूर्ण उमलतो, आणि बाकीच्यांचे स्वर आक्रसून बारीकसा अ होतात. एकाच घरातले तीन शब्द म्हणून बघा. ˈफो-ट-ग्राफ. फ-ˈटॉ-ग्र-फी. फो-ट-ˈग्रॅ-फिक. पहिल्यात फो भरीव, टो चा झाला ट. दुसऱ्यात टॉ भरीव, फो चा झाला फ. आपण सगळे स्वर सारख्या मापाने म्हणतो, त्यामुळे आपलं इंग्रजी दुसऱ्याला कळायला जड जातं आणि त्यांचं आपल्याला.

वर्गात मी रक्त काढताना दंडाला बांधायची रबरी नळी न्यायचे. दोन्ही हातांत धरायची, शब्द म्हणायचा, आणि जोराच्या तुकड्याला ताणायची. बाकीच्या तुकड्यांना नळी ढिली. हाताला कळलं की जिभेला कळतं. घरी साधं रबर बँड घ्या.

आता मुद्द्याचं: जोर शेपूट ठरवतं. आयटिस आलं की जोर त्याच्या 'आय'वर. ब्राँ-ˈकाय-टिस, हे-प-ˈटाय-टिस, अ-पेन-डि-ˈसाय-टिस. ईमियात 'ई'वर: अ-ˈनी-मि-अ, लु-ˈकी-मि-अ. ओसिस आणि ओमात 'ओ'वर: थ्रॉम-ˈबो-सिस, डाय-अग-ˈनो-सिस, ग्लॉ-ˈको-म. शन असेल तर त्याच्या लगेच आधीच्या तुकड्यावर: ऑ-प-ˈरे-शन, इन-फ्ल-ˈमे-शन. इकमध्येही लगेच आधी: डाय-अ-ˈबे-टिक, अँ-टि-बाय-ˈऑ-टिक. ऑलॉजी, ग्राफी, स्कोपी, एक्टमी, सिटी ही सगळी शेवटून तिसरा तुकडा मागतात: कार-डि-ˈऑ-ल-जी, एन-ˈडॉस-क-पी, इ-लेक-ˈट्रि-सि-टी.

याच्या उलट काही शेपटं जोराला हात लावत नाहीत. मेंट, नेस, फुल, लेस, ली. आपण डेव्हलपमेंट म्हणताना 'डे'वर बसतो. मूळ क्रियापद डि-ˈव्हे-लप, म्हणून डि-ˈव्हे-लप-मेंट. ग्राम आणि प्लास्टी ही त्याच गटातली. अँजिओग्राफी आणि अँजिओप्लास्टी हे शब्द आता प्रत्येक घरात पोचलेत आणि आपण दोन्ही एकाच चालीत म्हणतो. पहिला अँ-जि-ˈऑ-ग्र-फी, शेवटून तिसरा. दुसरा ˈअँ-जि-ओ-प्लास-टी, जोर पहिल्यावरच. ही जोडी रोज पाच वेळा म्हणा. शेपटाचं काम कानाला याच्याइतकं स्वच्छ दुसऱ्या कशातून कळत नाही.

अपवाद आहेत. ईर आणि ईवर स्वतःवर जोर असतो, एन-जि-ˈनिअर, एम-प्लॉय-ˈई, पण कमिटी क-ˈमि-टी. इकचा नियम अ-ˈरिथ-म-टिक या गणितवाल्या शब्दाला चालत नाही. आणि ओसिससारखं दिसणारं लिसिस वेगळं आहे: प-ˈरॅ-लि-सिस, डाय-ˈॲ-लि-सिस, जोर लिसिसच्या आधी. अपवाद भेटला की वहीत वेगळ्या रंगाने लिहा. त्यांची भीती नको. नियमात बसणारे शब्द कितीतरी पटींनी जास्त आहेत.

चार-पाच तुकड्यांहून लांब शब्दात एक धाकटा जोरही असतो, बहुधा मुख्य जोराच्या दोन तुकडे आधी. अपेंडिसायटिसमध्ये 'पेन'वर, ट्युबरक्युलोसिसमध्ये 'बर'वर. चांगल्या डिक्शनरीत उच्चाराच्या जागी मुख्य जोराला वरची टिचकी आणि धाकट्याला खालची असते. शब्दाच्या स्पेलिंगमध्येच काही डिक्शनऱ्या ठिपके देतात, ते बघून उच्चार ठरवू नका. ओळीच्या शेवटी शब्द तोडायचा झाला तर कुठे तोडावा यासाठी ते ठिपके असतात.

एक शब्द सुरुवातीपासून

ईईजीचं पूर्ण नाव. जतची एक मुलगी होती, फळ्याजवळ आली की हात थरथरायचा. तिला मी हा शब्द दिला. तिने शेवटून रेघ मारली: ग्राम. "नोंद." पुढून रेघ: इलेक्ट्रो. "विजेची." मधे उरलं एन्सेफॅलो. मी म्हटलं, "एन म्हणजे आत. सेफॅल म्हणजे डोकं." ती थांबली आणि म्हणाली, "डोक्याच्या आत... मेंदू?" मेंदूतल्या विजेची नोंद. अर्थ झाला. मग हनुवटीखाली हात: इ-लेक-ट्रो-एन-से-फ-लो-ग्राम. आठ. शेपूट ग्राम, म्हणजे जोर हलवणार नाही. तो गाभ्यात, 'से'वर. इ-लेक-ट्रो-एन-ˈसे-फ-लो-ग्राम. मी विचारलं, ग्रामऐवजी ग्राफी केलं तर? तिने शेवटून बोटं मोजली, फी, ग्र, लॉ, आणि नळी 'लॉ'वर ताणली. बरोबर होतं. न सांगता काढलं होतं.

असा एक शब्द दिवसाला पुरे. वहीत चार ओळी: अर्थाची फोड, मराठी अर्थ, तोंडाची फोड, टिचकी. पाचव्या दिवशी आधीचे चार झाकून परत म्हणायचे. दहा शब्द एका बैठकीत घेतले की परत घोकंपट्टीच सुरू होते, हे मी प्रत्येक वर्षी पाहिलंय. आणि मोठ्याने म्हणायचं. ओठांतल्या ओठांत म्हटलेल्या शब्दाला जोर नसतो.

वर्षाच्या शेवटच्या तासाला मी फळ्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पंचेचाळीस अक्षरांचा एक शब्द लिहायचे. १९३५ साली अमेरिकेत कोडी सोडवणाऱ्यांच्या संघटनेच्या अध्यक्षांनी मुद्दाम लांबच लांब बनवलेला, इंग्रजी डिक्शनऱ्यांतही गेलेला: न्यूमोनोअल्ट्रामायक्रोस्कोपिकसिलिकोव्होल्कॅनोकोनिओसिस. वर्षाच्या सुरुवातीला याने वर्ग पळाला असता. आता मुली शेवटून सुरू करायच्या. ओसिस, आजार. कोनि, धूळ, हे मी सांगायचे. व्होल्कॅनो, ज्वालामुखी. सिलिको, सिलिका. मायक्रोस्कोपिक, सूक्ष्मदर्शकातून दिसणारं. अल्ट्रा, त्याच्याही पलीकडचं. न्यूमोनो, फुप्फुस. एकोणीस तुकडे, हनुवटीखाली हात धरून मोजलेले, आणि जोर अर्थातच शेवटच्या ओसिसच्या 'ओ'वर.

त्या जतच्या मुलीच्या वर्षी फोड पूर्ण झाल्यावर ती उभी राहिली. "मॅडम, यातलं ज्वालामुखीचं काढलं तर आमच्या खडीमशीनवरच्या माणसांना होतो तोच आजार ना?" तिचे वडील खडीमशीनवर होते. मी म्हटलं, "हो. दगडाच्या धुळीतली सिलिका फुप्फुसात जाऊन होतो तो. नाव तूच बनव." तिने खडू घेतला, सिलिका लिहिलं, शेवटचा अ पुसला, पुढे ओसिस जोडलं, आणि वर टिचकी दिली: सि-लि-ˈको-सिस.